पूलवाल्याचे दात

ताई कवळ्या करायची. आसपासच्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं होतं, पण त्यांतल्या एकानेही तिच्याकडे बघून कधी हसून दाखवलं नव्हतं, कारण ही बाई कोण हेच त्यांना ठाऊक नसायचं. नाव व्हायचं ते पुढच्या खोलीतल्या दंतवैद्याचं. ताई मागच्या लांबट खोलीत, प्लास्टरच्या भुकटीने पांढरी होऊन, गुलाबी मेण वितळवत बसलेली असायची. वय बावन्न. सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून आठ वर्षांनी मोठा असलेला, चष्म्यांचं दुकान चालवणारा चष्मेवालासुद्धा. धाकटा भाऊ म्हणायचा म्हणून एकेकाने उचललं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

रविवारी दवाखाना बंद. दुपारी अडीचला ताई टेबलावरची भुकटी ओल्या फडक्याने पुसायची, घासायचं मशीन कोपऱ्यात सरकवायची, आणि मग त्या टेबलावर खेळ सुरू व्हायचा. गेली सतरा वर्षं. हा खेळ पटावरचा नाही नि पत्त्यांचाही नाही. एकाने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आपण काय करतो ते बोलून सांगायचं. आता हे जमेल की नाही असा प्रश्न आला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर जमलं, लहान पडला तर फजिती. गोष्ट रचणारी अर्थात ताई. पोक्त माणसांनी दर रविवारी राक्षसांच्या मागे धावायचं म्हणजे काय, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. ती मंडळी रविवारी दुपारी घोरत पडलेली असतात.

खेळणारे तिघं. चष्मेवाला मांत्रिक व्हायचा. दुकानात गिऱ्हाइकापुढे मान वर न करणारा हा माणूस इथे आला की गावंच्या गावं जाळायच्या गोष्टी करायचा. दुसऱ्या भूगोलबाई. शाळेतून निवृत्त झाल्या तरी शिकवायची खोड गेली नव्हती. त्या तिरंदाज. ताईने गोष्टीत नदी आणली की आधी ती कुठून कुठे वाहते ते सांगावं लागे, नाहीतर बाई बाण काढत नसत. आणि तिसरा ताईचा भाऊ, खारू. लहानपणी खिशात नटबोल्ट भरून हिंडायचा म्हणून खार, आणि खारीचा झाला खारू. तो माग काढणारा शोध्या व्हायचा. ताई महिनाभर डोकं खपवून रहस्य रचायची आणि हा पठ्ठ्या दोन रविवारांत उलगडून मोकळा व्हायचा. ताई वरवर चिडायची. आतून तिला त्याचा केवढा अभिमान होता ते सांगायला नको.

खारू लिफ्टचा मेकॅनिक होता. होता म्हणायचं, कारण चौदा महिन्यांपूर्वी त्याने काम सोडलं. एका सात मजली इमारतीत एकोणीस वर्षं त्याच्याबरोबर काम करणारा जोडीदार लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरला होता आणि खारू गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत होता. त्यांच्या कामाची एक पद्धत असते. वीज सोडण्याआधी वरच्याने हाक मारायची, "सोडू?" खालच्याने खड्ड्याबाहेर यायचं आणि मगच ओरडायचं, "हं!" त्या दिवशी खारूने वीज सोडली तेव्हा जोडीदार खड्ड्यातच होता.

चौकशी झाली. खड्ड्यातलं सुरक्षेचं बटण जोडीदाराने दाबलेलं होतं, पण त्याची तार मुळात लिफ्ट बसवतानाच चुकीची जोडलेली निघाली. ते बटण कधी चाललंच नसतं. खारूने जबाब दिला: मी हाक मारली, मला "हं" ऐकू आलं. चौकशीवाल्यांनी लिहिलं की तो आवाज मधल्या कुठल्यातरी मजल्यावरच्या माणसाचा असावा. खारूवर ठपका नाही. शिक्क्यासकट कागद हातात आला. खारूने तो दुमडून खिशात घातला, ताईच्या घरातल्या मागच्या खोलीत शिरला आणि दार लावून घेतलं.

तेव्हापासून घरात त्याचा आवाज म्हणजे एकच. ताई ताट घेऊन दाराशी जायची. "खारू, जेवण!" आतून यायचं, "हं." ताट दाराशी ठेवायचं आणि अर्ध्या तासाने उचलायचं. तेवढ्या एका "हं" वर ताई दिवस काढत होती. आज जरा मोठ्याने म्हणाला, आज लगेच म्हणाला, अशी स्वतःची समजूत घालत होती. माणसाला धरायला काहीतरी लागतं, दुसरं काय.

रविवारी मात्र तो उठायचा, दाढी करायचा आणि तिच्यामागोमाग खेळाला यायचा. बोलायचा नाही फारसा. फासा टाकायचा, आकडा सांगायचा. मग एका रविवारी घरी परतताना तो म्हणाला, "ताई, पुढची गोष्ट झाली की माझं पुरे." ताईच्या मनात आलं, रविवारही गेला तर मग उरलं काय?

म्हणजे शिल्लक एकच गोष्ट. त्या एका गोष्टीत ताईने सगळं पणाला लावलं. डॉक्टर झाले, औषधं झाली, जोडीदाराची बायको स्वतः येऊन "भावजी, तुमचा दोष नाही" म्हणून गेली होती. सांगून खारूला काही पटत नव्हतं. पण स्वतः शोधलेलं उत्तर तो नाकारणार नाही. सतरा वर्षांत त्याने स्वतः काढलेला माग कधी सोडला नव्हता. तर त्यालाच शोधू दे, असं ताईने ठरवलं, आणि सहा आठवडे ती वहीत लिहीत राहिली.

गोष्ट अशी. एका खोल दरीवर उचलता पूल. पूलवाला वर चाकाच्या खोलीत बसतो, त्याचा सोबती खाली साखळ्यांना वंगण लावतो. पूल उचलण्याआधी पूलवाला हाक मारतो, "घेऊ?" सोबती बाजूला होऊन ओ देतो, "घे!" एका संध्याकाळी सोबती साखळ्यांत सापडून मेला. गाव पूलवाल्याला फासावर द्यायला निघालंय. पण दरीत एक राक्षस आहे. त्याला ना नखं ना पंख. तो फक्त ऐकलेल्या माणसांच्या आवाजात ओ देतो. ताईने त्याचं नाव ठेवलं होतं ओ-देणा. पूलवाल्याने रीतसर हाक मारली, ओ-देण्याने सोबत्याच्या आवाजात ओ दिली, यात पूलवाल्याची काय चूक? एवढंच खारूने शोधून काढायचं होतं, स्वतःच्या तोंडाने.

शिवाय तिने बाहुला केला. गोष्टीतली माणसं टेबलावर मांडायला ताई नेहमीच उरलेल्या मेणाच्या बाहुल्या करायची. गावकरी म्हणजे नुसते अंगठ्याएवढे गोळे, ना नाक ना डोळे. पूलवाल्यावर मात्र तिने तीन संध्याकाळी घालवल्या. कवळीचे दात घासून घासून तांदळाच्या कणीएवढे केले आणि चिमट्याने एकेक बसवले. वरचा एक दात शेजारच्यावर किंचित चढवला. खारूचा तसाच आहे. बाहुला हातात धरला तेव्हा तिला रडू आलं. आयुष्यात इतकं नाजूक काम तिने केलं नव्हतं आणि त्याचे पैसे द्यायला कुठलाही म्हातारा येणार नव्हता.

रविवार आला. ताईने एक्स-रेच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा आपला आडोसा उभा केला. त्यामागे तिची वही आणि तिचा फासा. गावकऱ्यांचे गोळे मांडले, मधोमध पूल, आणि सगळ्यात शेवटी अलगद पूलवाला ठेवला.

चष्मेवाल्याने चष्मा कपाळावर चढवला, वाकून पाहिलं आणि टेबलावर थाप मारली. "दात आहेत!"

"अगंबाई, खरंच की," भूगोलबाई म्हणाल्या. "संपला म्हणायचा खेळ."

"म्हणजे?" ताईला कळेना.

"ताई, कुणाला शेंडी लावता?" चष्मेवाला म्हणाला. "सतरा वर्षांत तुम्ही दात कुणाला दिलेत? नरभक्षक आजीला होते. तळ्यातल्या त्या लांडग्याला होते. तो गोड बोलणारा सावकार, त्याला तर बत्तीस होते. साध्या माणसाला तुम्ही तोंडसुद्धा देत नाही. हाच राक्षस."

हे ताईच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. दात ही तिची कला. ती कला ती राक्षसांवर उधळत आली होती, आणि आता नेमकी... तिने खारूकडे पाहिलं. तो बाहुल्याच्या चढलेल्या दाताकडे बघत होता. त्याची जीभ ओठाच्या आतून स्वतःच्या दातावर फिरली.

"बाहुल्यावरून काही ठरत नाही," ताई जरा जोरातच म्हणाली. "पुरावे शोधा."

आणि शोधायला लागले की. खरं सांगायचं तर तो पहिला तास इतका सुरेख गेला की ताईचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. खारू बोलत होता! दरीच्या काठाशी जाणाऱ्या बकऱ्या त्याने हेरल्या. त्या तिकडे का जातात? कारण मेलेला मेंढपाळ दरीतून त्यांना ओ देतो. एक मुलगी रोज संध्याकाळी काठावर बसते, कारण हाक मारली की हरवलेली आई खालून "आले, आले" म्हणते. खारूने कागद ओढून घेऊन दरीचा नकाशा काढला. भूगोलबाईंनी वाऱ्याची दिशा सांगितली. चष्मेवाल्याने दरी जाळायची परवानगी मागितली, ती नेहमीप्रमाणे नाकारण्यात आली. चहा झाला. खारूने स्वतःहून दुसरा कप मागितला. चौदा महिन्यांत पहिल्यांदा.

"आलं लक्षात," खारू म्हणाला. "खाली काहीतरी आहे ते लोकांच्या आवाजात ओ देतं. म्हणजे त्या संध्याकाळी 'घे' म्हणाला तो सोबती नव्हेच."

"बरोबर!" ताईच्या तोंडून निघून गेलं. खेळ चालवणारीने असं बोलायचं नसतं, पण आता कोण थांबतंय! तिचे डोळे भरून आले. "म्हणजे पूलवाल्याचा काय दोष, सांग ना. त्याला ओ ऐकू आली होती."

खारू पेन्सिल फिरवत राहिला. "पण ताई, बकऱ्या ओरडल्या तेव्हा ओ आली. मुलीने हाक मारली तेव्हा आई बोलली. ते आपणहून कधी बोलतं का?"

वहीत स्पष्ट लिहिलेलं होतं. "नाही. हाकेलाच ओ देतं."

"मग पूलवाल्याने हाक मारली होती, हे कुणी ऐकलं?"

सहा आठवडे लिहिताना हा प्रश्न ताईच्या मनाला शिवला नव्हता. त्याने हाक मारली, हे तिने पहिल्याच ओळीत लिहून टाकलं होतं. "त्यानेच सांगितलंय," ती म्हणाली.

"तो सांगणारच. दुसरं कोण?"

"पुलाशी खानावळवाली बसते, तिला विचारू," भूगोलबाई म्हणाल्या. "तिने ऐकली का हाक?"

"वहीत आहे का?" चष्मेवाल्याने विचारलं. "नसेल तर फासा."

या टेबलाचा तो कायदाच होता. वहीत नसेल ते फाशावर, आणि तो फासा ताईने आडोशामागे टाकायचा. ती जे सांगेल ते खरं. सतरा वर्षांत तिने एकदाही खोटा आकडा सांगितला नव्हता. चष्मेवाल्याचा लाडका घोडा मेला होता, भूगोलबाई दोन रविवार रुसून बसल्या होत्या, तरी नाही.

ताईने फासा टाकला. चार.

"सतरा," ताई म्हणाली आणि फासा उचलून मुठीत धरला. "ऐकली. खानावळवालीने हाक स्पष्ट ऐकली."

"चला, सुटला बिचारा," भूगोलबाई म्हणाल्या.

खारू मात्र ताईच्या मुठीकडे बघत होता. "तू फासा कधी उचलत नाहीस," तो हळूच म्हणाला. "पुढची पाळी येईपर्यंत पडलेला असतो. किती पडले होते?"

ताईने मग तेच केलं जे खेळ चालवणाऱ्याने मेलं तरी करू नये. आडोसा बाजूला सारला, वही फिरवून भावापुढे ठेवली आणि पहिल्या ओळीवर बोट टेकवलं. "हे बघ. फाशाचं सोड. सहा आठवड्यांपूर्वी लिहिलंय मी. वाच. 'पूलवाल्याने हाक मारली.' त्याने मारली होती हाक, खारू. खरंच मारली होती."

खारूने ओळ वाचली. चिडला नाही. उलट इतक्या मायेने तिच्याकडे पाहिलं की ते तिला सहन होईना.

"ते तू लिहिलंयस, ताई," तो म्हणाला.

मग त्याने पूलवाल्याचा बाहुला उचलला आणि अंगठा त्या दातांवरून फिरवला. "सुंदर केलायस. पण याला तुझा ओ-देणा लागत नाही गं. एकोणीस वर्षं रोज दहा दहा वेळा विचारायचं, 'सोडू?' आणि खालून 'हं' यायचं. कधी चुकलं नाही. मग एक दिवस मनात भलतंच काहीतरी चाललेलं असतं. हात चालत असतात. विचारायचं राहून जातं. आणि 'हं' तरीही ऐकू येतं. कानात बसलेलं असतं ते. मी हाक मारलीच नव्हती. जबाबात मारली म्हणून सांगितलं. तेव्हा मला तसंच वाटत होतं. घरी आल्यावर आठवलं."

चष्मेवाल्याने चष्मा काढून हातात धरला. भूगोलबाई "अरे, पण ते बटण..." एवढंच म्हणाल्या. ताईला वाटलं होतं, भाऊ एकदा बोलला की सुटेल. बोलला. वहीत यापुढचं काहीच लिहिलेलं नव्हतं.

या टेबलावर राक्षस मेला की बाहुला पालथा घालायची रीत होती. खारूने पूलवाला पालथा घातला. आपल्या शोध्याची सगळी माहिती लिहिलेला कागद, सतरा वर्षांच्या खाडाखोडीने मऊ पडलेला, चौघडी करून बाहुल्याखाली सरकवला. कप उचलले, मोरीत विसळले आणि पालथे घातले. "उत्तम होती गोष्ट," तो दाराशी म्हणाला. "तुझी सगळ्यात चांगली." मग चप्पल घातली आणि एकटाच घरी गेला.

पुढच्या रविवारी ताईने टेबल पुसलं. चष्मेवाला आणि भूगोलबाई आले, चहा प्यायले, इकडचं तिकडचं बोलले आणि साडेतीनला उठले. त्याच्या पुढच्या रविवारी चष्मेवाल्याचा निरोप आला, दुकानात माल यायचाय म्हणून. ताईने घासायचं मशीन कोपऱ्यातून परत जागेवर आणलं. सोमवारी तीन कवळ्या द्यायच्या होत्याच.

बुधवारी दुपारी तिने नेहमीसारखं ताट वाढलं. डोक्यात एक खालची कवळी घोळत होती, ती एका आजींना हिरडीला टोचत होती आणि दोनदा घासूनही टोचणं जात नव्हतं. मागच्या खोलीच्या दाराशी गेली. आतून "हं" आलं. ताट खाली ठेवलं, स्वयंपाकघरात आली, हात धुतले, फडक्याला पुसले.

पुसता पुसता तिचे हात थांबले. आपण हाक मारलीच नव्हती.